ओळ पुरी करून ऊठ

रात्रीचे पावणेअकरा. प्रयोगशाळेबाहेरच्या जिन्यात तिसऱ्या पायरीवर मी बसले आहे. मांडीवर निळी बाही, सुईवर ४८ टाके, त्यातले ३१ विणून झाले, १७ राहिले. तेवढ्यात खिशातला टायमर वाजतो. आत फळमाशीच्या अळ्यांचे नमुने इवल्याशा नळ्यांत, हलत्या तबकडीवर ठेवलेत. त्यांचं पंधरा मिनिटांचं धुणं संपलं. सतरा टाके म्हणजे माझ्या वेगाने चाळीस सेकंद. मी ओळ पुरी करते, दोन्ही सुया गुंड्यात खुपसते, पिशवी खिडकीच्या कडीला अडकवते, हात धुते, हातमोजे चढवते आणि आत जाते.

ओळ अर्धी टाकून उठू नये, हा आजीचा नियम. सुई अर्ध्या ओळीवर राहिली की त्या जागचे टाके ताणले जातात आणि मग कापड कितीदा धुतलं तरी तिथे एक विरळ फट दिसत राहते. वाईच्या घरात गॅसवर कुकर असायचा आणि आजी ओट्याशेजारी पाटावर. तिसरी शिट्टी झाली की आई माजघरातून ओरडायची, आजी "आले गं, आले" म्हणायची आणि हात न थांबवता ओळीच्या शेवटापर्यंत जायची. मग सुया खाली ठेवून गॅस बंद. भात कधी खाली लागल्याचं मला आठवत नाही. कुकर कोणत्या शिट्टीला किती थांबेल, हे तिला ठाऊक होतं.

माझ्या पीएचडीचं हे पाचवं वर्ष. या पाच वर्षांत "तुला विणायला वेळ कसा मिळतो?" हा प्रश्न मला जितक्या वेळा विचारला गेला, तितक्या वेळा प्रबंधाबद्दलही कुणी विचारलं नसेल. विचारणाऱ्यांत कौतुक असतं, क्वचित संशयही असतो. मी बरीच वर्षं या प्रश्नाचं उत्तर वेळेच्या भाषेतच देत होते. आता देत नाही, आणि का देत नाही ते नीट सांगावं म्हणून हे लिहायला बसले.

आधी आजीबद्दल सांगायला हवं. आमच्या घरात विणकामाला कुणी कधी 'छंद' म्हटलं नाही. वाई पसरणी घाटाच्या पायथ्याशी. घाट चढून गेलं की पाचगणी. तिथल्या निवासी शाळांतल्या मुलांना थंडीसाठी स्वेटर लागायचे, आणि वाईतल्या काही बायका ते घरी विणून द्यायच्या. आजी त्यांतली एक. पावसाळा संपता संपता लोकर यायची, दिवाळीनंतर माल जायचा. बाबांची आणि काकाची कॉलेजची फी त्या पैशातून भरली गेली. पुढे लुधियान्याचे मशीनवरचे स्वेटर स्वस्तात मिळायला लागले आणि ऑर्डरी थांबल्या. आजी थांबली नाही. मग ती नात्यातल्या, आळीतल्या, ओळखीच्या प्रत्येक बाळासाठी विणू लागली. टोपडं, मोजे, स्वेटर, दुपटं: बाळंतविड्यातलं लोकरीचं जे काही असेल ते आमच्या घरून जायचं.

तिची एक वही आहे. जुनी, लाल पाठकोऱ्या पुठ्ठ्याची, आडव्या रेघांची. त्यात प्रत्येक कामाची नोंद. कुणासाठी, तारीख, लोकर किती पदरी, रंगाचा नंबर, लॉट नंबर (म्हणजे ती लोकर कोणत्या खेपेची), सुई, किती टाके घातले, वीण काय. वीण तिच्या स्वतःच्या खुणांत: 'सु २ उ २' म्हणजे दोन सुलट, दोन उलट, जाळीसाठी एक छोटं शून्य, दोन टाके एकत्र घ्यायचे असतील तिथे दोन तिरप्या रेघा एका बिंदूत मिळालेल्या. आणि चुकलं असेल तेही लिहिलेलं. 'मुंढा खोल झाला. पुढच्या वेळी ४ ओळी कमी.' 'गळा डोक्यातून जाईना. उसवला.' ओळी मोजायला ती चिंचोके वापरायची, दर दहा ओळींना एक चिंचोका एका वाटीतून दुसरीत. दिवस संपला की वाटीतले चिंचोके मोजून वहीत आकडा.

पीएचडीच्या पहिल्या महिन्यात आमच्या गाईड मॅडमनी प्रयोगाची वही कशी ठेवायची ते समजावलं. तारीख घाला, रसायनाचा लॉट नंबर लिहा, जे फसलं तेही लिहा, पान फाडू नका. मी मान डोलावत होते आणि डोळ्यांसमोर तो लाल पुठ्ठा येत होता.

माझा विषय पंखाची वाढ. फळमाशीच्या अळीच्या शरीरात पुढे पंख होणारी एक चपटी पिशवी असते. सुरुवातीला तिच्यात जेमतेम काही डझन पेशी असतात. चार-पाच दिवसांत त्या हजारोंनी वाढतात आणि मग ठरलेल्या आकाराला येऊन थांबतात. डावा पंख आणि उजवा पंख वेगवेगळे वाढतात, तरी मापाला जवळजवळ सारखेच. 'हिप्पो' नावाचा एक जनुक आहे. तो बिघडला तर पेशी थांबत नाहीत, माशीच्या डोक्याची त्वचा वाढून तिच्यावर घड्या पडतात, म्हणून त्याला पाणघोड्याचं नाव मिळालं. २००३ साली त्याच्यावरचे पहिले शोधनिबंध आले. तेव्हापासून पुष्कळ कळलं आहे, पण पुरेसं वाढून झालं हे पंखाला नेमकं कसं समजतं, याचं पुरं उत्तर अजून हाताशी नाही. मला हा प्रश्न फार आवडतो. विणणाऱ्या कुणालाही आवडेल. आम्ही दोन्ही बाह्या एकाच लांब सुईवर, दोन गुंड्यांनी, शेजारी शेजारी विणतो ते उगाच नाही. वेगवेगळ्या विणल्या की एक अर्धा इंच मोठी झालीच म्हणून समजा.

माश्यांबरोबर काम म्हणजे त्यांच्या घड्याळाने जगणं. २५ अंश तापमानाला अंड्यापासून पूर्ण माशी व्हायला दहा दिवस लागतात, १८ अंशाला त्याच्या दुप्पट. संकरासाठी नराशी अजून संबंध न आलेल्या माद्या लागतात, आणि २५ अंशाला कोशातून बाहेर आल्यावर मादीकडे साधारण आठच तास असतात. म्हणजे सकाळी व्हायल, म्हणजे माश्या वाढवायच्या छोट्या बाटल्या, रिकाम्या करायच्या, दुपारी नव्या माद्या वेचायच्या, रात्री पुन्हा वेचायच्या. रात्रीची झोप हवी असेल तर व्हायल १८ अंशाला ठेवायच्या, की तो अवधी लांबतो. बेशुद्ध केलेल्या माश्या पांढऱ्या पॅडवर पसरून, रंगाच्या कुंचल्याने एकेक बाजूला सारत, सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या. त्या खोलीला मक्याच्या पिठाचा आणि यीस्टचा आंबूस वास असतो. सुरुवातीला तो नको व्हायचा. आता घरी इडलीचं पीठ फुगलं की मला प्रयोगशाळा आठवते.

या सगळ्यात वेळ नसतो असं नाही. वेळ असतो, पण तुकड्यांत. अळ्यांचं विच्छेदन झालं की त्या वीस मिनिटं रसायनात स्थिर करायच्या. मग पंधरा-पंधरा मिनिटांची तीन धुणी. मग तासभर थांबायचं. मग अँटिबॉडी, म्हणजे ठरावीक प्रथिनाला चिकटून ते कुठे आहे याची खूण दाखवणारं द्रव्य, घालून रात्रभर ४ अंशाला. या तुकड्यांत पेपर वाचता येत नाही. पंधरा मिनिटांत पेपरमध्ये शिरायलाच दहा जातात. फोन बघता येतो, आणि तो बघून झाला की मन गढूळ होतं. विणता मात्र येतं.

पण कोणत्या तुकड्यात काय विणायचं, हे कळायला मला दोन वर्षं लागली. पहिल्या वर्षी मी हौसेने पानांच्या जाळीची शाल विणायला घातली, सुईवर ३०० टाके. माझा वेग मिनिटाला पंचवीसेक टाक्यांचा, आणि तोही साध्या सुलट ओळीचा. म्हणजे एक ओळ बारा मिनिटांची, जाळीची ओळ वीसची. पंधरा मिनिटांच्या धुण्यात ती बसेना. टायमर वाजायचा, मी ओळ अर्धी टाकून धावायचे, परत आल्यावर धागा पुढे घेतला होता की नाही ते आठवायचं नाही. शालीत तीन जागी भोकं आहेत जी विणीतली नाहीत. तेव्हापासून जिन्यात फक्त ऐंशी टाक्यांच्या आतलं काम. टोपडी, मोजे, लहान मुलाची बाही. सेमिनारला साधी सुलट-सुलट पट्टी, जी न बघता होते. कान आणि डोळे वक्त्याकडे. (मागच्या रांगेत बसून, लाकडी सुयांनी. धातूच्या सुयांचा आवाज होतो आणि बोलणाऱ्याला ते लागतं.) जाळी, वेणीची वीण, दोन रंगांचं काम, असं मोजायला लागणारं सगळं रविवार दुपारसाठी. आणि आकडेवारीचं विश्लेषण चालू असेल त्या आठवड्यात मोजण्याचं काही घ्यायचंच नाही. दोन मोजण्या डोक्यात एकमेकींवर पडतात.

सामानाचंही तसंच. सुरुवातीला फेलोशिप ३१,००० होती, १ जानेवारी २०२३ पासून ३७,००० झाली. पुण्यात खोलीचं भाडं आणि घरी थोडे पाठवून लोकरीला जे उरतं त्यात तुळशीबागेतली चार पदरी कॅशमिलॉन, म्हणजे कृत्रिम लोकर, बसते. लहान मुलांना तीच बरी, टोचत नाही आणि बादलीत धुता येते. एकदा अमेरिकेहून येणाऱ्या मैत्रिणीला मी हौसेने १० नंबरच्या लाकडी सुया आणायला सांगितल्या. आजीची आवडती सुई १० नंबरची. मैत्रिणीने आणल्या त्या माझ्या करंगळीएवढ्या जाड निघाल्या. आपल्याकडे जुनी इंग्रजी मोजणी, तिच्यात नंबर वाढला की सुई बारीक होते; १० म्हणजे सव्वातीन मिलिमीटर. अमेरिकेत उलटं, तिथली १० म्हणजे सहा मिलिमीटर. त्या सुयांवर मी मग आजीसाठी एक जाड शाल केली, चार दिवसांत झाली. आता कुणालाही सुई सांगताना मिलिमीटरमध्ये सांगते.

आता माझ्या भाच्याचा स्वेटर.

वहिनीला सातवा महिना लागला तेव्हा, म्हणजे माझ्या पहिल्या वर्षाच्या दिवाळीनंतर, मी हा निळा स्वेटर विणायला घातला. माप तान्ह्या बाळाचं. पाठ झाली, पुढचे दोन भाग झाले, आणि कोर्सवर्कची परीक्षा आली. परीक्षेनंतर सुया हातात घेतल्या तेव्हा बाळ चार महिन्यांचं होतं आणि पाठ त्याच्या छातीला पुरत नव्हती. उसवलं. उसवलेली लोकर सरळ राहत नाही, तिला विणीच्या लाटा राहतात. ती खुर्चीच्या पाठीभोवती गुंडाळून लडी केली, कोमट पाण्यात भिजवली, खाली वजन बांधून दोरीवर वाळवली. वाफ द्यायची नाही. कॅशमिलॉन वाफेने मऊ पडून मरतं, मग त्यात जीव राहत नाही. पुन्हा टाके घातले, या वेळी एका वर्षाच्या मापाचे. ते होत आलं तेव्हा माझी अँटिबॉडी बंद पडली. सहा महिने चांगली चालणारी खूण एकाएकी दिसेनाशी झाली. मी माश्या बदलल्या, रसायनं नव्याने केली, सूक्ष्मदर्शक तपासून घेतला. तीन महिने गेले. शेवटी वहीत मागे मागे जाऊन बघितलं तेव्हा लॉट नंबर बदललेला दिसला. नवी बाटली, नवा लॉट, नाव तेच.

त्याच सुमारास निळी लोकर संपली होती आणि तुळशीबागेत त्या लॉटची मिळेना. रंगाचा नंबर तोच, लॉट दुसरा. दुकानात दोन्ही सारख्या दिसल्या. घरी येऊन उजेडात विणलं तर जोडाच्या जागी सरळ रेघ उठली. आजीला फोन केला. ती म्हणाली, "अगं, नवी संपूर्ण घालायचीच नाही एकदम. दोन ओळी जुनीच्या, दोन ओळी नवीच्या. असं वीतभर विण, मग नवी घे. रेघ दिसणार नाही." स्वेटर तसाच केला. आणि तेव्हापासून अँटिबॉडीची जुनी बाटली मी कधीच पूर्ण संपू देत नाही. नवी आली की दोन्ही एकाच दिवशी, एकाच माश्यांवर, शेजारी शेजारी लावते. प्रयोगशाळेत आता सगळेच तसं करतात. ही आजीची पद्धत आहे, हे मी त्यांना सांगितलं आहे.

हे सगळं मी आज जितक्या मोकळेपणाने लिहिते आहे तितकी मोकळी मी तेव्हा नव्हते. पहिली दोन वर्षं लोकरीची पिशवी मी लपवायचे. कुणी पाहिलंच तर लगेच वकिली सुरू. कॉर्नेल विद्यापीठातल्या गणिती दैना तैमिना यांनी १९९७ साली क्रोशाने अतिपरवलयी (हायपरबॉलिक), म्हणजे सगळीकडे खोगिरासारखा वाकत जाणारा पृष्ठभाग विणला, जो आधी कागदाच्या पट्ट्या चिकटवून करावा लागायचा आणि हाताळला की फाटायचा, हे मी किती जणांना ऐकवलं असेल! जॉर्जिया टेकमधल्या एलिझाबेट्टा मात्सुमोतो विणलेल्या कापडाच्या भौतिकीवर काम करतात, धागा स्वतः ताणत नसला तरी त्याच्या फासांमुळे कापड कसं ताणतं ते शोधतात, हेही. हे सगळं खरं आहे आणि मला मनापासून थक्क करणारं आहे. पण मी ते परवाना दाखवावा तसं दाखवत होते. विणणं विज्ञानाच्या उपयोगाचं आहे, तेव्हा मला माफ करा, असा तो सूर होता. वाईच्या बायकांनी घाटावरच्या मुलांसाठी विणलेल्या स्वेटरांना असा परवाना कुणी मागितला नव्हता.

मग बक्षिसाची पद्धत करून बघितली. हजार शब्द लिहिले की दहा ओळी. दोन महिन्यांत माझी अशी अवस्था झाली की लोकर दिसली की न लिहिलेले शब्द आठवायचे आणि लिहायला बसलं की लोकर. दोन्ही कामं एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसली. लोक म्हणतात विणल्याने ताण जातो, तर तसंही करून पाहिलं, ताण आला की विणायचं. पण ताणात विणलेले टाके घट्ट येतात. तो तुकडा मी ठेवला आहे. सुईवरून टाका सरकत नव्हता इतका घट्ट. मन शांत करण्याचं काम मी लोकरीवर टाकलं आणि ते तिच्याने झालं नाही, कारण ते तिचं काम नव्हतं.

तिसऱ्या वर्षाच्या शेवटी हात गेला.

एका सकाळी उजव्या अंगठ्याच्या मुळाशी कळ आली. दुपारपर्यंत चिमटा धरवेना. विच्छेदनाचे चिमटे फार बारीक टोकांचे असतात. दोन्ही हातांत एकेक धरून अळी मधोमध फाडायची, उलटी करायची, आणि तिच्या भिंतीवरून पंखाची पिशवी अलगद सोडवायची. ती पिशवी अर्ध्या मिलिमीटरहून लहान असते. हे सगळं अंगठ्यावर चालतं. डॉक्टरांनी मनगट धरून अंगठा आत मुडपला, मी ओरडले, आणि त्यांनी डी क्वेरव्हेन असं नाव सांगितलं. अंगठ्याकडे जाणाऱ्या कंडरांच्या, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्यांच्या, आवरणाला सूज. त्यांनी विचारलं, "हाताने काय करता?" मी आधी विच्छेदन सांगितलं, मग माश्या वेचणं, मग टाइप करणं. मग गप्प बसले. त्यांनी पुन्हा विचारलं, "अजून काही?" तेव्हा विणकाम सांगितलं.

पट्टा बांधला. सहा आठवडे विच्छेदन आणि विणकाम दोन्ही बंद.

त्या सहा आठवड्यांत वेळच वेळ होता. प्रश्न वेळेचा असता तर तो तिथे सुटायला हवा होता. मी पेपर वाचले, ज्युनियर मुलाने काढलेल्या प्रतिमांची मोजणी डाव्या हाताने केली. संध्याकाळी खोलीवर आले की निळा स्वेटर खुर्चीवर पडलेला दिसायचा. तो मला छंदासारखा आठवत नव्हता. अर्धं राहिलेल्या कामासारखा आठवत होता, प्रयोगासारखाच. कुणाला तरी द्यायचं कबूल केलेलं काम. माझ्या प्रबंधातलं एकही वाक्य आई-बाबांना वाचता येणार नाही, आजीला तर नाहीच. या हातांनी केलेली जी गोष्ट माझ्या माणसांच्या अंगावर चढणार होती ती म्हणजे हा स्वेटर.

पट्टा सुटला तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं, असं बारीक काम दिवसाला तीन तास, त्याच्या वर नाही, निदान सहा महिने. म्हणजे पहिल्यांदाच माझ्या हातात खरा आकडा आला. तास चोवीस होते, पण हाताचे तीन. आणि विच्छेदन, माश्या, विणकाम, सगळं एकाच अंगठ्याच्या खात्यातून जाणार होतं. आजवर मी वेळेची वाटणी करत होते आणि ती लबाडी होती, कारण वेळ नेहमी कुठून तरी काढता येतो, झोपेतून, जेवणातून. हात कुठून काढणार?

मी मॅडमना जाऊन सांगितलं. तीन तास आहेत, त्यातले अडीच प्रयोगशाळेचे, अर्धा मला विणायला हवा आहे. सांगताना आवाज कापत होता. मॅडम थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "अडीच तासांत किती नमुने होतात?" मी म्हटलं, "पंधरा." "रोज पंधरा पुरतील. आकडे तू वहीत लिही, दोन्हीकडचे. म्हणजे हात परत दुखला तर कशाने दुखला ते कळेल." बास. त्यांनी ना कौतुक केलं ना हरकत घेतली. विणकामाला त्यांनी कामासारखं वागवलं, आणि मला तेवढंच हवं होतं.

तेव्हापासून माझ्या प्रयोगाच्या वहीत रोज एक जादा ओळ असते. 'विच्छेदन २ ता. १० मि. माश्या २० मि. लोकर ३० मि. अंगठा: ठीक.' महिन्याभराने तिच्यात एक गोष्ट दिसली. ज्या दिवशी आधी विणून मग विच्छेदन केलं त्या दिवशी हात जास्त दुखायचा. आधी विच्छेदन, मग तासाची विश्रांती, मग लोकर, असं असेल तर नाही. आजीला सांगितलं तर ती म्हणाली, "मग, बारीक काम सकाळी हात ताजा असताना करायचं. मी गळे सकाळीच करायचे. आणि भांडी घासल्यावर लगेच सुई धरू नको, गार हाताने." तिची बोटं आता पेरांत वाकडी झालीत. ती सहा वर्षांपूर्वी थांबली. थांबली त्या दिवसाचीही वहीत नोंद आहे, एका टोपड्याच्या खाली: 'डाव्या हाताने टाका धरत नाही.' पुढची पानं कोरी.

काही महिने अजूनही लोकरीला अजिबात जात नाहीत. मागच्या पावसाळ्यात कमिटीची बैठक होती आणि मी दहा आठवडे सुईला हात लावला नाही. सगळे तीन तास नमुन्यांना दिले. आणि डिसेंबरमध्ये मावसबहिणीचं बाळंतपण अवघडलं, ती दवाखान्यात असताना आठवडाभर मी पूर्ण हात बाळंतविड्याला दिला, माश्या ज्युनियरने सांभाळल्या. मार्चमध्ये मी त्याचे नमुने करून दिले. तोल याचा अर्थ रोजच्या रोज दोन पारडी सारखी, असा मी आता घेत नाही. वर्षाचा हिशेब वहीत आहे आणि तो मला पटतो.

भाचा साडेचार वर्षांचा झाला. निळा स्वेटर दोनदा उसवून तिसऱ्यांदा विणायला घातलेला, छाती मोकळी ठेवलेली. या वेळी बाह्या आजीच्या पद्धतीने. पाचगणीची मुलं वर्षागणिक उंच व्हायची, म्हणून ती बाही मनगटापासून वर विणत नसे. मुंढ्यावर टाके उचलायची आणि खाली उतरत यायची. पुढच्या वर्षी स्वेटर परत आला की मनगटाची पट्टी उसवायची, हवी तेवढी लांबी वाढवायची, पट्टी पुन्हा विणायची. बाकी स्वेटरला हात लावायचा नाही. तिने असे कितीतरी स्वेटर चार-चार वर्षं चालवले.

सोमवारी सिनॉप्सिस, म्हणजे प्रबंधाचा सारांश, जमा केला. संध्याकाळी दादाचा व्हिडिओ कॉल आला. भाचा कॅमेऱ्यासमोर हात लांब करून उभा राहिला आणि वहिनीने खांद्यापासून मनगटापर्यंत दोरा लावून मोजला. बत्तीस सेंटिमीटर. जुन्या मापापेक्षा दोन जास्त. "आत्या, झाला का?" त्याने विचारलं. "उद्या," मी म्हटलं. पाठीमागे आजी बसली होती. तिने हाताने खूण केली, अजून सहा-सात ओळी घाल.

काल रात्री शेवटची धुणी चालू असताना जिन्यात बसून मनगटाची पट्टी संपवली आणि टाके बंद केले. खोलीवर येऊन आजीची लाल वही काढली. ती गेल्या वर्षी तिने मला दिली. टोपड्याच्या त्या नोंदीनंतर पहिलं कोरं पान उघडलं, तारीख घातली, आणि लिहिलं:

'भाच्याचा स्वेटर. ४ पदरी, निळी, दोन लॉट. सुई ३.२५ मिमी. २ सु २ उ पट्टी. बाही वरून खाली. ७ ओळी जास्त घातल्या. पुढच्या दिवाळीला पट्टी उसवून वाढवणे. अंगठा: ठीक.'